टेबलावरचा पालथा हात

प्रिय दादा,

आई अजून वाढतच होती आणि बाबांनी उजवा हात टेबलावर ठेवून टाकला. पालथा, बोटं फाकलेली, तळवा लाकडाला पूर्ण टेकलेला. म्हणजे प्रार्थना सुरू. आईने पळी तशीच भांड्यात सोडली. बाबांनी आधी अन्नासाठी आभार मानले. मग आईच्या दम्यासाठी मागितलं, माझ्या कामासाठी मागितलं, वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या गुडघ्यासाठी मागितलं. मग ते थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, प्रभू, खारूला उठव. तिचा ताप उतरव. तिची छाती मोकळी कर. तिला तिच्या बापाच्या हातात परत दे.

हे आज संध्याकाळचं. कालचंही हेच होतं. तू हे घर सोडून गेलास तेव्हापासून रोजचं हेच आहे.

खारूला जाऊन तिसरं वर्ष संपत आलं. तुझ्या मुलीबद्दल हे मी तुला सांगायला नको, पण कुठेतरी एकदा लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. तिला आपण सगळ्यांनी मिळून माती दिली. आणि तिचे आजोबा रोज जेवायला बसताना तिचा ताप उतरवायला सांगतात. तुला हे आम्ही कधी कळवलं नाही. रविवारी तुझा फोन येतो, तू विचारतोस बाबा कसे आहेत, आई म्हणते बरे आहेत, तू म्हणतोस बरं. फोनवर बाबांना ऐकू येत नाही हे तुझ्याही सोयीचं झालं आणि आमच्याही. मी दोष देत नाही. मीही त्या फोनच्या वेळी मुद्दाम कपडे वाळत घालायला जाते.

प्रार्थना संपली की आई बोटाच्या पेराने टेबलावर एकदा ठोकते. ते तिचं आमेन. तू होतास तेव्हा हे नव्हतं. बाबांचा उजवा कान पूर्ण गेला आणि डावाही मंदावला, तेव्हा सुरू झालं. आम्ही दोघी आमेन म्हणायचो, आणि बाबा डोळे मिटून वाट बघत बसायचे. जेवण गार व्हायचं. एकदा आई वैतागली आणि तिने टेबलावर ठोकलं. बाबांनी डोळे उघडले आणि हसले. म्हणाले, अगं, हे तर कारखान्यातलं झालं.

तुला त्यांनी हे कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मला तरी त्या दिवशीच कळलं. बॉयलरला पत्रे जोडताना एक माणूस बॉयलरच्या आत शिरायचा आणि एक बाहेर उभा राहायचा. लाल तापलेला जाड खिळा भोकातून घालायचा. आतल्याने जड लोखंडी ठोकळा खिळ्याच्या डोक्याला टेकवून धरायचा, बाहेरच्याने दुसऱ्या टोकावर हातोडा मारायचा. बाबांची उमेदीची सगळी वर्षं आत गेली. कानही तिथेच गेले. आतून बाहेरचा दिसत नाही. इतका गोंगाट की ओरडूनही उपयोग नाही. म्हणून पत्र्यावर ठोकायचं, आणि दुसऱ्याने ते हाताला ओळखायचं. ठोका आला की ठोकळा सोडायचा. ठोका येईपर्यंत सोडायचा नाही, हात मेला तरी नाही. मी विचारलं, आणि बाहेरचा ठोका द्यायला विसरला तर? बाबा म्हणाले, विसरत नाही. एखादा खिळा पडतो, तो शोधायला जातो. आतल्याला ते दिसत नाही, एवढंच. त्याने धरून बसायचं.

तर आई ठोकते. मी ठोकत नाही. मेलेल्या मुलीचा ताप उतरो, याला मी तथास्तु कसं म्हणू? आई माझ्याकडे बघत नाही. बाबा तिच्या ठोक्यानंतर आणखी जरा वेळ हात तसाच ठेवतात, मग उचलतात, आणि मीठ मागतात.

पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं, जीभ घसरली. सवयीने नाव आलं असेल. मग रोज येऊ लागलं. आई म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला असेल, नातीचा जीव होता. पण बाकी सगळं ठीक. वाण्याकडून सामान बरोबर आणतात, कोणाच्या घरी काय चाललं आहे ते विचारतात, शब्दकोडं सोडवतात, माझी चूक काढतात. फक्त त्या एका जागी खारू जिवंत असते. प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्ये तोडायचं नाही, हे तुला आणि मला ज्यांनी शिकवलं त्यांनाच आम्ही कसं तोडणार? आठवतं, तू लहानपणी आमेन इतक्या घाईत म्हणायचास की बाबा म्हणायचे, अरे जरा दम धर, देव अजून चपला घालतोय. आणि प्रार्थनेनंतर सांगावं, तर ते ओरडूनच सांगावं लागणार. नेहमीच्या आवाजात त्यांना काहीच पोचत नाही. तूच सांग, जेवणाच्या टेबलावर उभं राहून कोण ओरडेल, बाबा, ती मेली, ती मेली? खालपासून वरपर्यंत सगळ्या दारांना ऐकू जाईल. आणि जर त्यांना खरंच आठवत नसेल, तर त्यांच्यासाठी ती त्या क्षणी मरेल. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आईने एकदा आडून प्रयत्न केला. म्हणाली, अहो, एवढ्या मोठ्याने कशाला, बहिरे तुम्ही आहात, देव नाही. बाबांना शेवटचे दोन शब्द तेवढे कळले असावेत. म्हणाले, देव नाही? म्हातारे, या वयात हे काय काढलंस? आई हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

शिंपीणबाई इथे राहायला आल्या त्या तू गेल्यानंतर. त्यांना आपलं काहीच ठाऊक नाही. छतातून बाबांचा आवाज वर त्यांच्याकडे जातो. आधी एकदा त्या तावातावाने खाली आल्या. माझा गुडघा देवाच्या कानावर घातलात ते ठीक आहे, पण निदान मला विचारायचं तरी, म्हणाल्या. बाबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, तीही गुडघ्याला त्रास होऊ नये म्हणून उंच. त्यानंतर त्या आपल्या झाल्या. मग गेल्या हिवाळ्यात दुपारी दार वाजलं. मी आणि आई घरी होतो. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. म्हणाल्या, रोज ऐकते मी, तुमची मुलगी आजारी आहे ती. दिसत नाही कधी, म्हणजे अंथरुणातच असणार. मापाचा अंदाज केला, जरा सैलच शिवलाय, अंगावर फोड वगैरे असतील तर टोचायला नको. निळा फ्रॉक होता, दादा. गळ्याशी पांढरी कडा, आतून शिवण दुमडून घेतलेली. मला वाटलं आई आता रडेल किंवा खरं सांगेल. आईने तो घेतला, कडेवरून बोट फिरवलं, म्हणाली, फार सुबक आहे. त्यांनी विचारलं, कशी आहे आता? आई म्हणाली, आता त्रास नाही तिला. फ्रॉक कपाटात आहे, माझ्या चादरींच्या खाली. फेकता येत नाही आणि परतही करता येत नाही.

पाळकांनाही आम्ही बोलावलं. नवे आहेत, तुझ्याहून लहान. त्यांनी आईला नीट समजावलं की गेलेल्यांना बरं कर असं आपण मागत नाही, आपण त्यांना प्रभूच्या हाती सोपवलेलं असतं. मग ते बाबांजवळ बसले आणि हेच त्यांच्या डाव्या कानात मोठ्याने सांगितलं. बाबा मान हलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, सोपवलंच पाहिजे. संध्याकाळी पाळक जेवायला थांबले. बाबांनी हात टेबलावर ठेवला, आणि खारूला उठव म्हणाले. पाळक ताटाकडे बघत राहिले. जाताना दारात मला म्हणाले, मला शिकवलं त्यात हे नव्हतं. मला ते त्या दिवसापासून आवडतात.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. कानांच्या दवाखान्यात मी अजून तेच करते. आवाज शोषून घेणाऱ्या भिंतींची छोटी खोली, मध्ये काच. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेर. मी बारीक आवाज सोडते, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आवाज हळूहळू बारीक करत जायचं, ऐकू येणं कुठे थांबतं ते पाहायचं. मध्येमध्ये मी काहीच सोडत नाही, नुसती थांबते. तेव्हाही बरेच जण बटण दाबतात. लबाडी नसते ती. त्यांना ऐकू यायला हवं असतं, म्हणून ऐकू येतं. खारू गेल्यावर पुष्कळ दिवस मला वाटत होतं, आपल्या घरात लहानपणापासून जे चाललं ते हेच. बाहेरून कोणी काही सोडत नाही आणि आपण आतून बटण दाबतो आहोत. हे मी आईला सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तुलाही असंच काहीतरी वाटत असणार. आणि काही जण उलटे असतात. जरा शांतता झाली की आतून काच वाजवतात, म्हणतात, बाई, मशीन बंद पडलं का? तुम्ही गेलात की काय? मी समोरच असते. मी यातून काही अर्थ काढत नाही. जे रोज होतं ते सांगते.

गेल्या आठवड्यात बाबांना तपासणीसाठी आणलं. त्या खोलीत एक सोय आहे. माझ्यासमोर माइक असतो, मी त्यात बोलले की हेडफोनमधून थेट कानात जातं, हवा तेवढा मोठा करून. डावा कान अजून जेवढा शिल्लक आहे तेवढ्यात ते पोचतं. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि म्हणाले, बाबा, नीट बसलात ना? त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, अगं, तू किती हळू बोलतेस गं, आईसारखी. कित्येक महिन्यांत मी त्यांच्याशी न ओरडता बोलले नव्हते. तपासणी झाली. मी पुढच्या माणसाला बाहेर जरा थांबायला सांगितलं, आणि माइकमध्ये म्हणाले, बाबा, खारू गेली. तुम्हाला ठाऊक आहे ना?

काचेतून ते मला बघत होते. बटण अजून हातात होतं. म्हणाले, तिची पेटी मी उचलली. दोन हातांत मावली. ते मी विसरेन असं वाटलं तुम्हाला?

मी विचारलं, मग रोज काय मागता?

तेव्हा त्यांनी सांगितलं. इस्पितळातला तो बोळ तुला आठवत असेल. हिरवट भिंत, भिंतीला लावलेले बाक. तू आणि बाबा एका बाकावर, आई आणि मी समोर. बाबा प्रार्थना करत होते, तू त्यांचा हात धरला होतास. खारूला उठव, तिचा ताप उतरव, तिची छाती मोकळी कर, तिला तिच्या बापाच्या हातात परत दे. इथपर्यंत आलं आणि दार उघडलं. नर्सने तुला खूण केली. तू उठलास, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोललास. मला समोरच्या बाकावर ते ऐकू आलं नव्हतं. मग तू आत गेलास, आणि बाहेर आलास तो आमच्याकडे न बघता जिन्याने खाली उतरलास. दफनाच्या वेळी तू कुंपणाशी उभा होतास. आठवड्याभरात दुसरं गाव, दुसरी नोकरी. प्रार्थनेला आमेन कोणी म्हटलंच नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तू म्हणाला होतास, बाबा, तुम्ही थांबू नका.

बाबा काचेमागून म्हणाले, तो सांगून आत गेला. तो अजून बाहेर आला नाही. मी धरून बसलोय. मी म्हणाले, बाबा, पण तीच वाक्यं कशाला? ती मागणी आता कशी पूर्ण होणार? म्हणाले, तिथेच थांबलोय ना आम्ही, मग तीच असणार. शब्द बदलले तर त्याला वाटेल मी सोडलं. मी विचारलं, आणि देव? तो ऐकतो हे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना पाणी ओलं असतं का विचारलं होतं. म्हणाले, ऐकतो की नाही हे मी कधी विचारलं नाही. ऐकतोच. ऐकायचा बंद झालोय तो मी. मग हेडफोन काढताना म्हणाले, तो ऐकतो आणि देत नाही, हेच तर कठीण आहे, पोरी. ऐकत नसता तर मी केव्हाच उठून जेवलो असतो.

  घरी येताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, मला वाटलंच होतं. मी म्हणाले, मग बोलली का नाहीस? म्हणाली, मी ठोकत होते ना रोज.

मी अजूनही ठोकलेलं नाही. आज संध्याकाळीही नाही. आता मला त्या प्रार्थनेत खोटं काही दिसत नाही, तरी बोट उठत नाही. कदाचित जागा माझी नाही म्हणून. माझ्यावर रागावू नकोस. तुझ्यावर मी बरीच रागावले होते, ते या आठवड्यात संपलं. तू त्या बोळातून पळालास असं मी समजत होते. तू अजून तिथेच आत आहेस, हे बाबांना माझ्या आधी कळलं.

आता हे का लिहिलं ते. तपासणीचा निकाल माझ्या हातातच आला. डावा कान वेगाने उतरतो आहे. नस सुकते आहे, यंत्राचा उपयोग नाही, ऑपरेशनचा नाही. डॉक्टर म्हणाले, महिने धरू नका. मग दवाखान्यातल्या त्या खोलीत, पूर्ण आवाजातही, त्यांना कोणाचा शब्द पोचणार नाही. म्हणून लवकर ये. पत्रातून दोन ओळी पाठवू नकोस. मी तुला ओळखते, तू तेच करशील. बाबा म्हणतात, कागदावर कोणीही लिहील. तू सांगून आत गेलास, तूच बाहेर येऊन सांगायला हवं. मी तुला त्या खोलीसमोर बसवीन, माइक देईन आणि स्वतः बाहेर जाईन. एवढंच म्हण, बाबा, आता सोडा. देवावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही, माझाच कुठे आहे ते मला रोज शोधावं लागतं. पण त्यांचा हात फार दुखतो आहे, दादा. खरंच दुखतो, कोपरापासून. तो हात मोकळा करायला सांगणारं तुझ्याशिवाय कोणी नाही.

वाट बघते. तुझी नेहमीचीच,
टिचकी

सकाळी. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून हे खाली लिहिते. बाबा खिडकीशी उभे होते. मी मागून हाक मारली, मग डाव्या कानाजवळ जाऊन मारली, मग ओरडले. ते वळले नाहीत. आई स्वयंपाकघरातून धावत आली, त्यांनी तिला बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि समजले. कानाला एकदा हात लावला. मग येऊन टेबलाशी बसले, हात पालथा ठेवला, प्रार्थना केली, नेहमीचीच. आवाज आज आणखी मोठा होता. आईने ठोकलं. मग मी ठोकलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, पण हात उचलला नाही. टेबलावर हे पाकीट पडलं होतं, त्यावर तुझा पत्ता त्यांनी वाचला. म्हणाले, त्याला लिही, बोलायला काही नको. ये आणि ठोक म्हणावं. चहा त्यांनी डाव्या हाताने घेतला.